गुडघ्यातलं पाणी फेकून देऊ नका

प्रति,
नागपुरातील सर्व अस्थिरोगतज्ज्ञ आणि संधिवाततज्ज्ञ,
तसंच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (मेडिकल), इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (मेयो), एम्स आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ इथले जीवरसायनशास्त्राचे विभागप्रमुख

विषय : शस्त्रक्रियेत निघणारी कूर्चा, हाड, सांध्याचं अस्तर आणि सांध्यातलं पाणी संशोधनासाठी जपून ठेवण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

धंतोली असो, रामदासपेठ असो की मेडिकल चौक, या शहरात कुठे ना कुठे एखाद्या सुजलेल्या गुडघ्यात सुई घालून पाणी काढणं चालू असतं आणि कुठे ना कुठे झिजलेला गुडघा काढून धातूचा बसवणं. काढलेलं पाणी पुष्कळदा तपासणीलाही जात नाही. कापलेली कूर्चा (सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण), हाडाचे तुकडे, लाल झालेलं अस्तर हे सगळं पिवळ्या पिशवीत आणि तिथून भट्टीत जातं. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार ते बरोबरच आहे. माझी विनंती त्याच्या अगोदरच्या काही मिनिटांपुरती आहे. पेशंटची रीतसर संमती घ्या, त्यातला एक लहान तुकडा आणि थोडं पाणी बाजूला काढा, लेबल लावून थंड करा आणि शहरातल्याच जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेकडे द्या. डॉक्टरांनी द्यावं, प्रयोगशाळांनी मागून घ्यावं, एवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

मी इथल्या एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या मुलांना जीवरसायनशास्त्र शिकवते. माझ्या आईला आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) होता. "सकाळी उठलं का हात आकडून राह्यते," असं ती म्हणायची आणि घरातले सगळे तो थंडीचा दोष मानायचे. रोगाचं नाव कळेपर्यंत बरीच वर्षं गेली. तेवढ्या काळात तिचं एका वैदूच्या पुड्यांवर चाललं. पुडी घेतली की दुसऱ्या दिवशी ती चुलीपुढे बसू शकायची, म्हणून घरात त्या पुडीचं फार कौतुक होतं. पुढे तोंड सुजलं, साखर वाढली आणि शेवटी खुब्याचं हाड खचलं. पुडीत काय आहे हे कुणी तपासलं नाही. पण ही सगळी लक्षणं स्टेरॉइडची होती आणि अशा 'जडीबुटी'त स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, हे तुम्हा डॉक्टरांना मी सांगायला नको.

स्टेरॉइड हे औषध म्हणून वाईट नाही, हेही लिहायला हवं. फिलिप हेंच यांनी १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये आमवाताने जखडलेल्या एका बाईला कॉर्टिझोन दिलं आणि ती काही दिवसांत चालू लागली. १९५० चं नोबेल हेंच, एडवर्ड केंडल आणि टाडेउश राइखश्टाइन यांना मिळालं. त्यातले दोघे रसायनशास्त्रज्ञ होते. त्या औषधाची किंमत शरीर नंतर कशी मोजतं, हेही थोड्याच वर्षांत जगाला कळलं. आमच्या घरापर्यंत त्या शोधाचा फक्त पहिला अर्धा भाग पोचला, तोही नाव नसलेल्या पुडीतून.

आता मुद्द्याच्या वस्तूकडे येते. निरोगी गुडघ्यात हे पाणी असतं तरी किती? चार मिलिलिटरहूनही कमी. अंड्याच्या पांढऱ्यासारखं चिकट. दोन बोटांत धरून ताणलं तर तार सुटते. तो चिकटपणा येतो हायल्युरोनिक आम्लातून. कार्ल मेयर यांनी १९३४ मध्ये ते पहिल्यांदा गुरांच्या डोळ्यातल्या द्रवातून वेगळं केलं. आमवातात या लांबलचक रेणूचे तुकडे पडतात, पाणी पातळ होतं, तार सुटेनाशी होते. शिवाय त्यात पांढऱ्या पेशी हजारोंनी येतात आणि प्रथिनं तोडणारी एन्झाइम घेऊन येतात. वातरक्ताच्या (गाउटच्या) रोग्याच्या पाण्यात युरिक आम्लाच्या क्षाराचे टोकदार स्फटिक तरंगत असतात. रक्तातलं युरिक आम्ल साधारण ६.८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेलं की ते विरघळलेलं राहू शकत नाही. बहुतेक सस्तन प्राण्यांकडे ते मोडणारं युरिकेज नावाचं एन्झाइम असतं; माणसाच्या पूर्वजांनी ते फार पूर्वीच गमावलं.

या स्फटिकांची गोष्ट मी दर वर्षी वर्गात सांगते. आल्फ्रेड गॅरड यांनी १८४८ मध्येच वातरक्ताच्या रोग्याच्या रक्तात युरिक आम्ल जास्त असतं हे दाखवलं होतं. पण सांध्यात ते स्फटिकरूपात आहे हे खात्रीने ओळखायची पद्धत मिळायला १९६१ साल उजाडलं. मॅकार्टी आणि हॉलँडर यांनी सांध्यातल्या पाण्याचा थेंब ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि स्फटिक चमकले. या जातीचा सूक्ष्मदर्शक दगड ओळखायला भूगर्भशास्त्रज्ञ रोज वापरतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं मुख्यालय आपल्या सेमिनरी हिल्सवर आहे, विद्यापीठात भूगर्भशास्त्र विभाग आहे. म्हणजे एका थेंबातून वातरक्त ओळखायची विद्या या शहराला अपरिचित नाही; फक्त ती खडक पाहते आहे, गुडघा नाही.

कूर्चेबद्दल थोडं अधिक लिहिते, कारण गैरसमज तिच्याबद्दलच जास्त आहेत. "गुडघ्याची वाटी घासली" हे वाक्य आपल्याकडे इतकं रुळलंय की गुडघा म्हणजे घासून संपणारी वस्तू, असंच सगळ्यांना वाटतं. वजनाच्या सुमारे सत्तर टक्के पाणी, दुसऱ्या प्रकारच्या कोलॅजेनचं जाळं, त्या जाळ्यात अडकवलेले ॲग्रेकनचे भलेमोठे रेणू आणि मधूनमधून विखुरलेल्या थोड्याशा पेशी, एवढीच कूर्चा असते. तिला रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही. म्हणून नुकसान सुरू होतं तेव्हा दुखत नाही. दुखायला लागतं तेव्हा शेजारचं हाड आणि अस्तरही रोगात ओढलं गेलेलं असतं. आणि हे नुकसान निव्वळ घासण्याचं नसतं. कूर्चेच्या पेशी स्वतःच एन्झाइम सोडतात. ॲडॅमटीएस-५ सारखी एन्झाइम ॲग्रेकन कापतात, एमएमपी-१३ कोलॅजेन कापतं. ॲग्रेकन पुन्हा तयार होऊ शकतं. कोलॅजेनचं तसं नाही. प्रौढ माणसाच्या कूर्चेतलं अर्धं कोलॅजेन बदलायला शंभरहून अधिक वर्षं लागतील असा अंदाज आहे. म्हणजे तारुण्यात विणलेलं जाळं आयुष्यभर पुरवायचं असतं. शेतात वाकून निंदण करणाऱ्या, बसून बिड्या वळणाऱ्या आपल्या बायकांच्या गुडघ्यांत हे जाळं नेमकं कुठल्या वयात, कुठल्या जागी तुटायला लागतं, हे इथल्याच कूर्चेत पाहायला हवं.

या एन्झाइमना थांबवणारं औषध निघालं की गुडघेदुखी मिटली, असं अनेकांना वाटलं होतं. ॲडॅमटीएस-५ रोखणाऱ्या एका औषधाची मोठी चाचणी झाली. २०२० मध्ये निकाल आला, कूर्चेची झीज थांबली नाही. ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिनच्या गोळ्यांवर अमेरिकेत १,५८३ रोग्यांची चाचणी झाली होती. २००६ मध्ये तिचे निकाल छापून आले, आणि एकूण रोग्यांमध्ये त्या गोळ्या बिनऔषधी गोळीपेक्षा ठळकपणे सरस ठरल्या नाहीत. आपल्या मेडिकल स्टोअरमधून त्या आजही तशाच विकल्या जातात. साध्या संधिवातात (ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये) कूर्चेचा ऱ्हास रोखतं असं सिद्ध झालेलं एकही औषध आज जगात नाही. वेदना कमी करता येते, वजन आणि व्यायामाने फरक पडतो, शेवटी सांधा बदलता येतो. २०१७ मध्ये सरकारने कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या कृत्रिम गुडघ्याची किंमत ५४,७२० रुपयांवर बांधली, ती मोठीच सोय झाली. पण बदललेला गुडघा हा उपचाराचा शेवट आहे. रोग कशाने झाला हे सांगू शकणारा जुना गुडघा मात्र तिथेच नष्ट होतो.

हे जपून ठेवण्याने काय साधतं? एकच उदाहरण देते, कारण त्याहून मोठं दुसरं माझ्याकडे नाही. लंडनच्या केनेडी इन्स्टिट्यूटमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांनी आमवाताच्या रोग्यांच्या सांध्याचं अस्तर मिळवलं आणि त्यातल्या पेशी काचेच्या भांड्यात जगवल्या. त्या पेशी कोणती प्रथिनं सोडतात हे पाहिलं. १९८९ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की टीएनएफ नावाचं एकच प्रथिन अडवलं तर आग लावणारं दुसरं प्रथिन, इंटरल्युकिन-१, तेही खाली येतं. १९९२ मध्ये वीस रोग्यांवर टीएनएफविरोधी औषधाची पहिली चाचणी झाली. आज जगभर लाखो लोकांचे हात त्या शोधामुळे वाकडे होता होता वाचले. त्या शोधाचा कच्चा माल म्हणजे तुमच्या ट्रेमध्ये पडलेलं अस्तर.

तुम्ही म्हणाल, ते लंडनमध्ये झालंच आहे, मग नागपुरात पुन्हा कशाला? नागपूरचा सांधा लंडनच्या सांध्यासारखा आजारी पडत नाही म्हणून. माझ्या मते या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे.

सिकलसेल घ्या. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, एवढासा बदल. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये याच आजाराला पहिला 'रेण्वीय आजार' म्हटलं. मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, म्हणजे आपल्याला हे माहीत होऊन साठ वर्षांहून जास्त काळ लोटला. प्राणवायू कमी पडला की बिघडलेलं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून दांडे बनवतं, तांबड्या पेशी ताठ होतात, बारीक वाहिन्या तुंबतात. मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मोजक्या असल्यामुळे ते हाड सगळ्यात आधी मरतं. माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. पहिल्या वर्षाला लंगडत यायचा, तिसऱ्या वर्षाला प्रयोगशाळेच्या पायऱ्या चढणं त्याला जमेना. ज्या वयात पोरं फुटाळ्याला फिरायला जातात त्या वयात त्याच्यासाठी खुबा बदलण्याची चर्चा सुरू होती.

भारतात दिसणाऱ्या सिकलसेलच्या अरब-भारतीय प्रकारात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं, म्हणून आजार सौम्य असतो, असं पुस्तकं सांगतात. विदर्भातल्या वाड्यावस्त्यांतल्या मुलांना जे सोसावं लागतं ते सौम्य नाही. मग कुणाचा खुबा विशीत खचतो आणि कुणाचा पन्नाशीपर्यंत शाबूत राहतो, हा फरक कशाने पडतो? गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनच्या प्रमाणाने, हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचं औषध किती लवकर सुरू झालं याने, की हाडातल्या दाहाच्या एखाद्या वेगळ्या साखळीने? १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने २०४७ पर्यंत सिकलसेल संपवायचं ठरवलंय. तपासणी आणि समुपदेशनाने पुढच्या पिढीचं भलं होईल. आज जे जन्मलेले आहेत त्यांच्या खुब्याचं काय? त्या प्रश्नाचं उत्तर ज्या हाडात आहे, ते खुबा बदलताना तुमच्या हातात येतं. असं हाड इतक्या संख्येने मिळू शकणारी शहरं जगात थोडी आहेत. ते जाळून टाकण्याचा आपल्याला काय अधिकार आहे, असं मी जरा कडक शब्दांत विचारते आहे, त्याबद्दल रागावू नका.

दुसरी वाट फ्लोराइडची. चंद्रपूर, यवतमाळकडच्या कित्येक गावांतल्या बोअरच्या पाण्यात ते १.५ मिलिग्रॅम प्रति लिटर या मर्यादेच्या वर आहे. हाडातल्या खनिजात हायड्रॉक्सिलच्या जागी फ्लोराइड जाऊन बसतं, स्नायुबंध कडक होतात, पाठ वाकेनाशी होते. भारतातली याची पहिली नोंद १९३७ ची, तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागातली. आणि फ्लोराइड काढायची तुरटी-चुन्याची 'नालगोंडा पद्धत' १९७० च्या दशकात विकसित केली ती आपल्या नीरीने, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने! पाण्यातलं फ्लोराइड काढायला या शहराने देशाला शिकवलं. मग त्याच गावातून आलेल्या बाईच्या कापलेल्या हाडाचा तुकडा जाळून, त्याच्या राखेतलं फ्लोराइड, पाण्यासाठी वापरतात त्याच जातीच्या इलेक्ट्रोडने मोजायला कितीसा खर्च येईल? पाण्याचा नमुना त्या दिवसापुरतं सांगतो. हाड गेल्या तीस वर्षांचं सांगतं. 'साधा संधिवात' म्हणून ज्यांचे गुडघे बदलले त्यांच्यातल्या काहींचं दुखणं विहिरीतून आलं असेल, तर तपासल्याशिवाय ते कळणार नाही आणि मागे राहिलेल्या सुना-मुली तेच पाणी पीत राहतील.

चिकुनगुनियाबद्दल फार लिहीत नाही, कारण २०२४ चा पावसाळा कुणीच विसरलेलं नाही. घरटी एक माणूस भिंत धरून चालत होता. ताप गेला, बऱ्याच जणांचे सांधे मात्र कित्येक महिने धरलेले राहिले. विषाणू सांध्यात लपून बसतो की निघून जाताना प्रतिकारशक्तीला भडकवून जातो, हे अजून पक्कं ठरलेलं नाही. रियुनियन बेटावरच्या एका रोग्याच्या अस्तरात दीड वर्षानंतरही विषाणूचे अंश सापडल्याचं २०१० मध्ये छापून आलं. कोलंबियातल्या रोग्यांच्या सांध्यातल्या पाण्यात मात्र जवळपास दोन वर्षांनी पाहिलं तेव्हा विषाणू मिळाला नाही. तो अभ्यास २०१८ चा. उपचार या उत्तरावर अवलंबून आहे. २०२४ मध्ये सुजलेल्या गुडघ्यांतून आपल्या शहरात काढलेलं पाणी शीतपेटीत ठेवलं असतं, तर या वादात आज नागपूरला स्वतःचं म्हणणं मांडता आलं असतं.

आणि खर्रा. आमवातात प्रथिनांमधलं आर्जिनिन बदलून सिट्रुलिन होतं आणि शरीर स्वतःच्याच प्रथिनांना परकं समजतं. अँटी-सीसीपी ही आमवाताची रक्तचाचणी याच गोष्टीवर उभी आहे आणि ती दुखणं सुरू व्हायच्या कित्येक वर्षं आधीही सकारात्मक येऊ शकते. धूम्रपानाने हा धोका वाढतो. हिरड्या कुजवणाऱ्या एका जिवाणूकडे हा बदल घडवणारं स्वतःचं एन्झाइम आहे. स्वीडनमध्ये तोंडात ठेवायच्या तंबाखूचा आमवाताशी संबंध दिसला नाही, असं २०१४ चा तिथला अभ्यास सांगतो. पण तिथल्या तंबाखूत सुपारी नाही, चुना नाही आणि नागपुरातला खर्रा दिवसभर गालात असतो. खर्रा खाणाऱ्याच्या हिरड्या आणि त्याचे सांधे यांचा काही संबंध आहे का? मला उत्तर माहीत नाही म्हणूनच हा संशोधनाचा विषय आहे, आणि जगात दुसरं कुणी तो आपल्यासाठी करणार नाही.

इतक्या वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या माणसाला आपण काय देतो? पेन किलर. जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं की ॲस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं शरीरात बनू देत नाहीत, म्हणून दुखणं थांबतं. १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा त्यासाठीच होता. पण अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळायला तीच प्रोस्टाग्लँडिन लागतात. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात काम करणारा मजूर पानठेल्याशेजारच्या दुकानातून गोळी घेऊन गिळतो, तेव्हा तो गुडघ्याच्या बदल्यात मूत्रपिंड पणाला लावतो. नेमकं निदान झालं तर आमवाताच्या रोग्याला आठवड्यातून एकदाच घ्यायचं, स्वस्त मेथोट्रेक्सेट मिळतं, वातरक्ताच्या रोग्याला ॲलोप्युरिनॉल मिळतं, सिकलसेलच्या मुलाच्या खुब्याचा वेळेत एमआरआय होतो. निदान नसलं तर सगळ्यांना एकच गोळी, नाहीतर पुडी.

जाता जाता आपल्या रानाबद्दल. पेंच आणि मेळघाटच्या जंगलात सालईची झाडं आहेत. तिच्या डिंकातली बॉस्वेलिक आम्लं ५-लायपॉक्सिजिनेज नावाचं दाहाचं एन्झाइम रोखतात, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. वर्ध्याच्या वायगावची हळद तर भौगोलिक मानांकन मिळालेली आहे; तिच्यातलं कुर्क्युमिन पोटातून रक्तात फारच कमी पोचतं, ही अडचण सगळ्यांना ठाऊक आहे. या गोष्टींचा नुसता अभिमान नको, चाचणी हवी. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसने ती करून दाखवली. त्यांनी गुडघ्याच्या संधिवातासाठी आयुर्वेदिक मिश्रणांची ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब या वेदनाशामकाशी ४४० रोग्यांवर तुलना केली, २०१३ मध्ये निकाल छापले आणि काही रोग्यांत यकृताचं एन्झाइम वाढलं हेही लपवलं नाही. त्याच संस्थेच्या भिगवणच्या गावपाहणीने ग्रामीण महाराष्ट्रात कुणाचं काय दुखतं याची पद्धतशीर मोजणी केली. विदर्भातल्या सिकलसेल आणि फ्लोराइडच्या गावांत अशी मोजणी आणि तिच्या जोडीला नमुने, हे दोन्ही एकत्र झालं तर काय उभं राहील, याचा विचार करा.

अडचणी मला ठाऊक आहेत. ओटीत एकामागून एक केसेस असतात, सिस्टर दमलेल्या असतात, त्यात हे नवीन काम कोण करणार? आमची एम.एस्सी.ची मुलं करतील. संमती घेतलेल्या केसची यादी आदल्या दिवशी कळली तर मुलगा बर्फाचा डबा घेऊन ओटीच्या दाराबाहेर उभा राहील. तुम्ही फक्त आत ट्रेमधला तुकडा बरणीत टाकायचा. उणे ८० अंशांची शीतपेटी महाग असते आणि वीज गेली तर त्यातलं सगळं वितळतं. म्हणून प्रत्येकाने आपली घेण्यापेक्षा चौघांनी मिळून एक घ्यावी आणि जिथे जनरेटर भरवशाचा आहे तिथे ती ठेवावी. पाणी काढल्यावर लगेच सेंट्रिफ्यूज करून पेशी वेगळ्या केल्या नाहीत तर एन्झाइमची मोजमापं बिघडतात. हे शिकवायला एक दुपार पुरते.

संमतीच्या बाबतीत मात्र घाई नको. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं उरलेल्या नमुन्यांबद्दलही स्पष्ट आहेत. फॉर्म मराठीत आणि हिंदीत असावा, गडचिरोलीहून आलेल्या माणसाला गोंडीतून समजावणारं कुणीतरी असावं. 'नाही' म्हटल्याने उपचारात तसूभर फरक पडणार नाही, हे वाक्य सगळ्यात वर मोठ्या अक्षरात हवं. नमुन्यावर नाव नको, क्रमांक हवा. कुठल्या कंपनीला नमुना द्यायचा झाला तर पेशंटला पुन्हा विचारायला हवं. आणि तपासणीत उपचाराला उपयोगी असं काही निघालं, म्हणजे स्फटिक दिसले किंवा हाडात फ्लोराइड जास्त निघालं, तर ते त्याच्या डॉक्टरकडे आणि गावच्या आरोग्य केंद्राकडे गेलंच पाहिजे. ज्याचा गुडघा, त्याला पहिला फायदा.

जीवरसायनशास्त्राच्या विभागप्रमुखांना वेगळं सांगते. आपले विद्यार्थी वर्षानुवर्षं लाळेतल्या अमायलेजवर आणि मोड आलेल्या मुगावर प्रकल्प करतात. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या घरी कुणाचे तरी सांधे दुखत असतात. त्यांना खरा प्रश्न द्या. सुरुवातीला महागडी यंत्रं लागत नाहीत. पाण्याचा चिकटपणा, एकूण प्रथिन, युरिक आम्ल, हाडाच्या राखेतलं फ्लोराइड, रोग्याने आणलेल्या पुडीत स्टेरॉइड आहे का यासाठी पातळ थराची क्रोमॅटोग्राफी, हे सगळं पदव्युत्तर प्रयोगशाळेत होऊ शकतं. पुडीची तपासणी तर उद्याच सुरू करता येईल, तिला ओटीचीही गरज नाही.

माझी मागणी एवढीच. मेडिकल, मेयो, एम्स, विद्यापीठ आणि नीरी यांनी प्रत्येकी एक माणूस नेमावा. खाजगी रुग्णालयांच्या वतीने शहरातल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी दोघांना पाठवावं. नैतिक समितीकडे एकच सामाईक अर्ज जावा. पहिलं वर्षभर फक्त दोन गोष्टी गोळा कराव्यात : सिकलसेलच्या रोग्यांच्या बदललेल्या खुब्यातलं हाड आणि सुजलेल्या गुडघ्यातून काढलेलं पाणी. बाकीचं त्या अनुभवावरून ठरवता येईल. अर्जाचा आणि मराठी संमतिपत्राचा कच्चा मसुदा मी तयार केला आहे. तुमच्यापैकी कुणीही बैठक बोलावली तर तो घेऊन मी येईन. दुरुस्त्या तिथेच करू. दिवाळीच्या सुट्टीआधी ही बैठक झाली तर पुढच्या सत्राच्या मुलांना प्रकल्प देता येतील.

आपली,
जीवरसायनशास्त्राची एक शिक्षिका
नागपूर